कोल्हा दिवसा दिसला, म्हणून?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत पाणी आणि लिफ्ट आटोपल्यावर ‘आयत्या वेळचे विषय’ आले आणि त्यात कोल्हा निघाला. भांडुप पूर्वेला, मिठागरांपलीकडच्या खाडीच्या बांधावर, सकाळी साडेदहाला उभा असलेला कोल्हा कुणीतरी मोबाइलवर टिपला होता. मग पाऊण तास नुसती खडाजंगी. एका बाजूचं म्हणणं, दिवसाढवळ्या हिंडणारा कोल्हा पिसाळलेलाच असणार, वनखात्याला कळवून पिंजरा लावून घ्या. दुसरी बाजू कळवळून सांगत होती की बिचारा वाट चुकून शहरात आलाय, त्याला पकडून बोरिवलीच्या जंगलात नेऊन सोडा. दोघांनी एकमेकांना निर्दयी आणि भाबडं ठरवून झालं. मला मात्र राहून राहून एकच गोष्ट टोचत होती. भांडण एवढं, पण पिंजरा दोघांनाही हवा होता. एकाला भीतीपोटी, दुसऱ्याला दयेपोटी. त्या कोल्ह्याला आहे तिथेच राहू द्या, असं म्हणणारी तिसरी बाजू त्या खोलीत नव्हतीच, आणि माझ्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही. तो आज लिहितोय.

माझं म्हणणं असं: उजेडात दिसलेल्या धडधाकट कोल्ह्याच्या मागे लागायचा अधिकार कुणालाच नाही. बंदूकवाल्याला नाही, पिंजरेवाल्याला नाही, कॅमेरेवाल्यालाही नाही. ही तिन्ही एकाच कामाची रूपं आहेत आणि त्या कामाला मराठीत शिकार म्हणतात. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या आहे, ती वाचावी. ठार मारणं आणि विष घालणं तर त्यात आहेच. पण त्याच व्याख्येत प्राण्याला पकडणं, त्याचा पाठलाग करणं, सापळ्यात अडकवणं, हाकणं, आमिष दाखवणं हेही आहे, आणि यातलं काही करण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा आहे. कायदा लिहिणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते आपण विसरलोय. प्राण्याचा जीव गेला की शिकार सुरू होते असं नाही. ती त्याच्याआधीच, त्याच्या मागे धावायला लागतो तेव्हा, सुरू झालेली असते.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरतो, कारण सभेतला निम्मा गोंधळ त्यातूनच आला. आमच्या इमारतीतली मुलं त्याला ‘फॉक्स’ म्हणत होती. द्राक्षं आंबट म्हणणारा परदेशी गोष्टीतला प्राणी मराठीत येताना कोल्हा झाला, आणि तेव्हापासून हे दोन प्राणी आपल्या डोक्यात एकच होऊन बसले. खाडीतला हा कोल्हा वेगळा. आठ-दहा किलोचा, उंच पायांचा, लांडग्या-कुत्र्यांच्या कुळातला. फॉक्सच्या जातीचं आपल्याकडे असतं ते खोकड. दोन-तीन किलोचं, झुबकेदार शेपटीचं, माळरानावर बीळ करून राहणारं. ते पाहायला मुंबईकराला बारामती-इंदापूरकडे जावं लागतं, आणि हल्ली आपण झुंडीने जातो. त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. खाडीतल्या कोल्ह्याला मात्र आपल्या भाषेने नीट ओळखलेलं होतं. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण ज्याने केली त्याने शेताच्या बांधावर बसून हा प्राणी पाहिलेला असणार, कारण तो खरंच फळफळावळ खातो. बोरं खातो, उंदीर खातो, मेलेलं खातो आणि खाडीत असला तर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, खातो.

ते चिंबोऱ्या खाणं मी पाहिलंय. चार वर्षांपूर्वी, पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावरून पक्षी बघत चाललो होतो. ओहोटी लागलेली, तिवरांच्या मुळ्या उघड्या पडलेल्या, चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. पन्नास-साठ पावलांवर एक कोल्हा पुढचे पाय कोपरापर्यंत चिखलात घालून एका बिळापाशी कान लावून उभा. बराच वेळ हललाच नाही. मग एकदम नाक खुपसलं, मान झटकली आणि मागे उडी मारली. चिंबोरी ओठाला लटकलेली. त्याने ती आपटली, पायाखाली धरली, आधी एक नांगा तोडून बाजूला टाकला, मग दुसरा, आणि मग कडकड असा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला. चिखलाने माखलेल्या पायांमुळे काळे मोजे घातल्यासारखा दिसत होता. बाजूलाच होडी ओढून लावलेल्या एका कोळीण मावशींना मी विचारलं, “मावशी, हा दिवसा कसा काय बाहेर?” त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. “पाणी उतरलं की येतो, दादा. पाणी चढलं की जातो. त्याला काय घड्याळ हाय?”

कोकणात भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. सभेहून घरी आल्यावर मी त्या मोबाइलवरच्या फोटोची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिली. षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि साडेदहाच्या सुमारास ओहोटी. ज्या क्षणी तो कोल्हा ‘अवेळी’ दिसला, तो त्याच्या जेवणाचा क्षण होता. कोल्हा माणसाच्या आसपास असतो तिथे रात्रीचा होतो, पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा होतो, हे खरं. पण ती त्याने आपल्यामुळे लावून घेतलेली सवय आहे. जिथे त्रास नाही तिथे तो उजेडातही हिंडतो, आणि पिल्लं असली की आईबापांना दिवस-रात्र बघून चालत नाही. मग ‘दिवसा दिसला म्हणजे पिसाळला’ हा निष्कर्ष कुठून आला? आपलं वेळापत्रक निसर्गाला लावलं, इतकंच.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. त्याला मी अजिबात हलकं लेखत नाही. रेबीज हा खरा धोका आहे. २०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस चेंबूर भागात मेलेल्या कोल्ह्यांत रेबीज निघाला होता. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. सभेत ज्या ताई सगळ्यात मोठ्याने पिंजरा मागत होत्या त्यांचा मुलगा सात वर्षांचा आहे आणि संध्याकाळी बांधाच्या बाजूच्या मैदानात खेळतो. त्यांच्या भीतीला हसणाऱ्यांशी माझं काही नातं नाही. लडखडत चालणारा, जबडा लोंबकळणारा, लाळ गाळणारा, कारण नसताना अंगावर येणारा कोल्हा दिसला तर तात्काळ वनखात्याला फोन करावा. अशा प्राण्यासाठी कायद्यातच वाट ठेवलेली आहे. माझा प्रश्न पुढचा आहे: भीती खरी आहे हे मान्य, पण पिंजऱ्याने ती कमी होते का?

या प्रश्नाचं उत्तर युरोपाने फार महागात मिळवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कोल्ह्यांमधला, म्हणजे त्यांच्या तांबड्या फॉक्समधला, रेबीज पोलंडकडून पश्चिमेकडे सरकत गेला. सरकारांनी बंदुका काढल्या, विष घातलं, बिळांत विषारी वायू सोडला. वर्षानुवर्षं मारत राहिले आणि रोग पुढे सरकतच राहिला. कारण सोपं आहे. हे प्राणी आपापली हद्द धरून राहतात. हद्दीतली जोडी मारली की ती जागा रिकामी राहत नाही, शेजारचे तरणे प्राणी तिच्यासाठी हिंडू लागतात, भांडतात, चावतात. थांबवायचं होतं तेच वाढतं. मग १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोन नदीच्या खोऱ्यात वेगळी गोष्ट करून पाहिली. कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस घालून ती रानात टाकली. प्राण्यांनी ती खाल्ली आणि खोऱ्याच्या तोंडाशी रोग थबकला. तीच पद्धत पसरत गेली. स्वित्झर्लंड १९९९ मध्ये रेबीजमुक्त जाहीर झाला, जर्मनी २००८ मध्ये. जे काम बंदुकीला तीस वर्षांत जमलं नाही ते कोंबडीच्या मुंडक्याने केलं.

आणि पकडून दुसरीकडे सोडण्याचं काय? दयाळू बाजूने इथे कान द्यावा. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडाकडचे रॅकून, म्हणजे तिथले मांजरापेक्षा थोडे मोठे रानटी प्राणी, शिकारीच्या हौसेसाठी उत्तरेला व्हर्जिनियाकडे नेऊन सोडले गेले. त्यातले काही वरून धडधाकट, आतून रेबीजने बाधलेले होते. या रोगात संसर्गापासून लक्षणांपर्यंत आठवडे, कधी महिने जातात, तोवर प्राणी ठणठणीत दिसतो. पाहता पाहता अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रॅकूनचा रेबीज पसरला. म्हणजे आमच्या बांधावरचा कोल्हा खरंच आजारी असेल, तर त्याला बोरिवलीत नेऊन सोडणं म्हणजे रोगाला गाडीत घालून पोचवणं. आणि आजारी नसेल तर त्याला न्यायचंच कशाला?

याचा धडा आपल्याला अमेरिकेपर्यंत जाऊन शिकायची गरजही नव्हती. जुन्नरचे बिबटे आठवा. २००१ पासून तिथे उसात दिसणारे बिबटे पिंजरे लावून पकडले आणि लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर नोंदी तपासल्या, तेव्हा आधीच्या आठ-नऊ वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते स्थलांतर सुरू झाल्यावर सतरावर गेले. अनोळखी मुलखात टाकलेला, घाबरलेला, हद्द गमावलेला प्राणी अधिक धोक्याचा ठरला. २००४ च्या जून महिन्यात आपल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने बिबट्यांनी माणसं मारली, तेव्हाची मुंबई माझ्या चांगली लक्षात आहे. आमच्या शेजारणी सहानंतर कचरा टाकायला खाली जात नव्हत्या. त्यानंतर हे शहर हळूहळू शिकलं. पिंजऱ्यांचा आग्रह कमी झाला, कचरा, उजेड आणि रात्री मुलांना एकटं न सोडणं याबद्दल बोलणं वाढलं. बिबट्याबाबत इतकं शिकलेलं शहर कोल्ह्याबाबत पुन्हा पहिलीच्या वर्गात का बसतंय?

आणि याहूनही जुनं पाहायचं तर १८३२ ची मुंबई आहे. फोर्टमधली मोकाट कुत्री मारायला सरकारने पोलिसांना दर कुत्र्यामागे बक्षीस लावलं. बक्षिसासाठी शिपाई घराच्या दारातली कुत्रीसुद्धा ओढून मारू लागले. जून महिन्यात पारशी समाजाचा संयम सुटला, दंगल झाली, व्यवहार बंद पडले. त्याला आता दोनशे वर्षं होत आली. मुंबईतली कुत्री संपली का? आज खाडीकाठच्या कोल्ह्याला रेबीज होतो तो प्रामुख्याने कुत्र्यांकडून. आपल्या देशात या रोगाचं मूळ घर कुत्रा आहे. बांधाला लागून उघड्यावर कचरा पडतो, कचऱ्यावर कुत्री वाढतात, त्याच कचऱ्यावर कोल्हाही येतो आणि दोघांची गाठ पडते. लस द्यायची तर त्या कुत्र्यांना द्या. कोल्ह्याला पिंजऱ्यात घालून त्या ताईंच्या मुलाला काडीचंही संरक्षण मिळत नाही, कारण त्याला चावण्याची शक्यता ज्याची सर्वांत जास्त, तो प्राणी आमच्या गेटवर झोपलेला असतो.

सभेत एक काका म्हणाले होते, “इंग्लंडात घोड्यावर बसून मारतात, आपणच फार हळवे.” काकांची माहिती जुनी आहे. कुत्र्यांचा ताफा घेऊन भर दिवसा फॉक्सच्या मागे दौडायचा खेळ स्कॉटलंडने २००२ मध्ये आणि इंग्लंड-वेल्सने २००४ च्या कायद्याने बंद केला. हेच साहेब उटीला आले तेव्हा तिथे फॉक्स मिळेना, म्हणून घोडे आणि कुत्री आपल्या कोल्ह्याच्या मागे सोडली होती. त्या खेळाच्या बाजूने एक गंभीर युक्तिवाद होता, तो नोंदवतो: शिकारीमुळे संख्या आटोक्यात राहते, नाहीतर शेतकऱ्याची कोंबडी-कोकरं वाचणार नाहीत. योगायोगाने त्याची परीक्षाही झाली. २००१ मध्ये तिथे गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि जवळपास वर्षभर शिकार थांबवावी लागली. संशोधकांनी ठिकठिकाणी फॉक्सच्या विष्ठेच्या नोंदी आधी आणि नंतर घेऊन तुलना केली. संख्या वाढलेली नव्हती. इतकी वर्षं जो खेळ गरज म्हणून सांगितला गेला तो खेळच होता.

आता कॅमेरेवाले. हे लिहिताना मला जास्त त्रास होतो, कारण ही माझी माणसं आहेत. मुंबईतून शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे माळावर पोचायचं, हे मीही केलंय. त्यांचा मुद्दाही खरा आहे: माळरान म्हणजे पडीक जमीन समजणाऱ्या सरकारला आणि समाजाला खोकडाच्या फोटोंनीच तिथे काहीतरी जगतं हे दाखवून दिलं. जे पाहिलंच नाही ते कोण वाचवणार? हे मी मनापासून मान्य करतो. पण तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, एका माळावर मी जे पाहिलं तेही सांगायला हवं. खोकडाची पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात. बिळाच्या तोंडाशी चार पिल्लं, आणि बिळापासून वीस-पंचवीस पावलांवर अर्धगोल लावून चार गाड्या. आई लांब एका बाभळीच्या बुंध्याशी उभी होती, तोंडात उंदीर. सकाळी साडेसातला उभी होती, नऊला होती, साडेनऊलाही होती. मध्येच दोन पावलं पुढे यायची, कुणीतरी काच खाली करायचं, ती मागे जायची. उंदीर एकदा खाली ठेवला, पुन्हा उचलला. दहाच्या सुमारास एका गाडीतून चिकनचा तुकडा बिळाकडे फेकला गेला, ‘पिल्लं जरा पुढे येतील’ म्हणून. आमच्या गाडीत कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी बीळ रिकामं होतं. तिने पिल्लं हलवली होती, एकेक करून, तोंडात धरून, उघड्या माळावरून, जिथे धनगरवाड्याची कुत्री मोकळी फिरतात.

हाकणं आणि आमिष दाखवणं, कायद्यातले दोन्ही शब्द त्या एका सकाळी पूर्ण झाले होते, आणि आमच्यापैकी कुणालाही शिकारी म्हटलं असतं तर तो चिडला असता. शिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोण येतो? फासेपारधी. ज्या समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यापासून सुरू झालेल्या मालिकेत जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्याच्या हातात फासा सापडला की आजही तो आत जातो, आणि जावा असं सगळ्यांना वाटतं. त्याने पोटासाठी लावलेला फासा शिकार, आणि आपण लाखाच्या भिंगासाठी आईला अडीच तास पिल्लांपासून तोडलं ते निसर्गप्रेम? दोन्हींचा प्राण्यावर होणारा परिणाम मोजला तर ही वाटणी टिकत नाही. माळावर सफारी सुरू करून वनखात्याने वाटा ठरवल्या, वाटाडे म्हणून गावातले तरुण घेतले, हे चांगलंच झालं. पण विणीच्या दिवसांत बिळापाशी गाडी न्यायची नाही, हे कुठल्याही वाटाड्याने सांगावं लागता कामा नये.

मग पाहायचंच नाही का? जरूर पाहायचं. त्या कोळीण मावशी रोज पाहतात. त्यांनी कधी त्याला बिस्किट टाकलं नाही, कधी त्याच्याकडे धावल्या नाहीत, आणि त्यांच्यासमोर तो चिंबोरी खात बसतो. खाडीचा हा काठ टिकला तो मुख्यतः कांदळवनाला हात लावू नये असं उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये बजावलं म्हणून. ठाणे खाडी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली ती रोहित पक्ष्यांच्या गाजावाजामुळे, पण त्याच चिखलात हा प्राणी त्यांच्याही आधीपासून पाय रोवून उभा आहे. तो वाट चुकून आपल्याकडे आलेला नाही. खाजणावर भराव टाकून आपली इमारत त्याच्या वाटेवर आलीय. इमारत पाडा असं मी म्हणत नाही, मीही तिच्यातच राहतो.

गेल्या रविवारी मी एक अर्ज लिहून काढला. मागण्या तीन. बांधालगतची कचऱ्याची उघडी जागा बंद करून झाकणाचे डबे द्यावेत. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांतल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यावी आणि दरवर्षी द्यावी. बांधाकडे तोंड केलेले आमच्याच सोसायटीचे दोन मोठे दिवे रात्री अकरानंतर बंद ठेवावेत. पिंजऱ्याचा उल्लेख अर्जात नाही. आतापर्यंत अकरा सह्या झाल्यात. काकांनी अजून केलेली नाही. सात वर्षांच्या मुलाच्या आईकडे मी सगळ्यात शेवटी गेलो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, दिव्यांवरून माझ्याशी वाद घातला, मुलगा अंधारात घसरला तर कोण जबाबदार म्हणून विचारलं. शेवटी अकराचे साडेअकरा करून घेतले आणि सही केली. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: लसीकरणाची तारीख आठ दिवस आधी कळवावी, मी स्वतः सोबत येईन.